मावशीचा आकडा

निकालाचा कागद फळ्यावर लागला आणि मावशींनी तो तीनदा वाचला. रसायनशास्त्र, प्रात्यक्षिक परीक्षा. वीस जणांच्या तुकडीत एकोणीस पास, एक नापास. आणि तो एक नापास कोण, तर ज्या बाईने बावीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत ब्युरेटी धुतल्या, भरल्या, स्टँडला लावल्या, गळक्या तोट्यांना व्हॅसलीन फासलं, ती बाई. आता ह्याला हसावं की फळ्यावर डोकं आपटून घ्यावं, तुम्हीच सांगा. मावशींनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या तडक जिन्याकडे निघाल्या.

मावशी त्या सगळ्या कॉलेजच्याच. पोरं मावशी म्हणायची, प्राध्यापक मावशी म्हणायचे, प्राचार्यबाई वयाने मोठ्या असूनही मावशीच म्हणायच्या. हुद्दा मात्र परिचर. म्हणजे बाटल्या धुणारी. प्रत्यक्षात प्रयोग शिकवायच्या त्याच. निदेशक म्हणून ज्यांचं नाव दारावर होतं ते गृहस्थ खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवायचे आणि आता ते निवृत्त होत होते. जागा रिकामी होणार होती. त्या जागेला कॉलेजचं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्जासोबत ते सोमवारपर्यंत जोडायचं होतं.

ह्या प्रमाणपत्रासाठी मावशींनी तीन वर्षं हाडाची काडं केली होती. कॉलेजची अभ्यासक्रमांची पुस्तिका चांगली जाडजूड. एका टोकाला कलनशास्त्र, दुसऱ्या टोकाला शिवणकाम, मध्ये भौतिक, रसायन, कलेचा इतिहास, वायरिंग, हिशेबनिशी, काय वाट्टेल ते. नियम असा की गणित, विज्ञान, कला आणि व्यवसाय ह्या चारही गटांतला एकेक विषय पास झालाच पाहिजे. गणिताने मावशींच्या तोंडाला फेस आणला. लेक रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्याकडून समीकरणं घोटून घ्यायची, आणि मावशी पोळपाट बाजूला सारून पाटी घेऊन शाळेत बसल्यासारख्या बसायच्या. कलेच्या इतिहासात चित्रातली बाई हसते आहे की रडते आहे ह्यावर चार पानं लिहावी लागली. मावशींनी लिहिलं की ती दमली आहे, आणि चक्क पैकीच्या पैकी मिळाले. वायरिंगचे मास्तर म्हणाले, "हात तुमचा बाईचा नाही हो, मिस्त्रीचा आहे," आणि ती शाबासकी आहे असं समजून घ्यायचं होतं. रसायन त्यांनी शेवटी ठेवलं. म्हटलं, ते काय, घरचंच आहे.

आणि घरच्यानेच दगा दिला.

विभागप्रमुखांना पोरं झाकणसर म्हणायची, कारण प्रयोगशाळेत ते महिन्यातून एकदा डोकावायचे आणि "बाटल्यांची झाकणं लावा," एवढंच म्हणून जायचे. मावशी त्यांच्या खोलीत शिरल्या तेव्हा ते कपातला चहा बशीत ओतत होते.

"सर, मी नापास कशी?"

"मावशी, बसा. होतं असं. तुमचं रीडिंग चुकलं."

"तिन्ही वेळा चुकलं? आणि तिन्ही वेळा सारखंच चुकलं?"

"उत्तर वीस होतं. तुम्ही लिहिलंत चौदा पूर्णांक तीन. मी तरी काय करू? एकोणीस जणांचं वीस आलंय."

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ह्या एकोणिसांचं गौडबंगाल कळायचं नाही. परीक्षेच्या दिवशी टेबलावर एक मोठी बाटली असते. तिच्यात आम्ल असतं, पण किती तीव्र ते पोरांना ठाऊक नसतं. प्रत्येकाने त्यातलं पिपेटने मोजून वीस मिलीलिटर फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, वर ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या रेघांच्या काचनळीतून, कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा, आणि ज्या थेंबाला फ्लास्कमधलं पाणी फिक्कट गुलाबी होऊन तसंच राहील तिथे तोटी बंद करून आकडा वाचायचा. ती बाटली वर्षानुवर्षं मावशीच बनवायच्या, त्यामुळे आकडा त्यांना आधीच माहीत. आणि पोरांचे घाबरेघुबरे चेहरे बघून त्यांना राहवायचं नाही. फडकं घेऊन टेबल पुसत पुसत जायच्या आणि कानाशी पुटपुटायच्या, "अठरा-दोन." झालं. पोरं अठरा-एक, अठरा-दोन, अठरा-तीन अशी तीन रीडिंगं लिहून मोकळी. ह्याला कॉलेजात 'मावशीचा आकडा' म्हणायचे. झाकणसरांना ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. निकाल शंभर टक्के लागायचा आणि सगळे खूश. मावशीही खूश. त्याला त्या माया म्हणायच्या.

ह्या वर्षी मावशी स्वतःच परीक्षेला बसलेल्या. म्हणून परीक्षेआधी दोन दिवस त्यांना प्रयोगशाळेत यायला बंदी, आणि बाटली बनवली झाकणसरांनी. ह्या माणसाने अलीकडे शेवटचं वजन केलं होतं ते स्वतःचं, दवाखान्यात. पोरांनी मग आकडा शिपाईभाऊंकडून काढला. सरांच्या टेबलावरच्या उत्तराच्या कागदावर वीस लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. परीक्षेत लेकीनेच मावशींच्या मागून जाताना हळूच सांगितलं होतं, "आई, वीस आहे."

हो, लेकही त्याच तुकडीत. मायलेकी एका वर्गात, सगळ्यांना मोठं कौतुक.

"माझं चौदा-तीन येतंय," मावशी गुरगुरल्या होत्या, आणि तेच लिहून बाहेर पडल्या होत्या. गुलाबी रंग कुठे येतो ते त्यांना वीस म्हणणाऱ्या कागदाने शिकवायची गरज नव्हती.

आता झाकणसरांनी खण उघडला, मावशींची उत्तरपत्रिका काढली आणि पेन पुढे सरकवलं. आवाज अगदी लोण्यात बुडवलेला.

"हे बघा मावशी, तुम्ही आपल्या घरच्या. इथे खोडा, वीस लिहा, बाजूला सही करा. मी गुण चढवतो. सोमवारी अर्ज द्या. कशाला उगाच डोक्याला ताप?"

मावशींच्या हाताला पेन लागलं आणि त्यांना इतका संताप आला की ते पेन त्या माणसाच्या चहात बुडवावंसं वाटलं. तीन वर्षं. बीजगणित, दमलेली बाई, मिस्त्रीचे हात, सगळं खरं करून आल्यावर, जे एक काम त्यांना झोपेतही येतं त्यातच खोटं लिहा म्हणे.

"बाटली कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली बाटली?"

"परीक्षेची. निकालानंतर महिनाभर ठेवायचा नियम आहे. तुमच्याच सहीचा कागद कपाटावर चिकटवलाय मी." आणि पेन टेबलावर आपटून मावशी प्राचार्यबाईंकडे गेल्या.

प्राचार्यबाई मूळच्या इतिहासाच्या. रसायनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. त्या स्वतः प्रयोगशाळेत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "करा बघू माझ्यासमोर." झाकणसर खिडकीशी घड्याळ बघत उभे.

मावशींनी ब्युरेट खंगाळली, भरली, बुडबुडा काढला. पिपेटने आम्ल घेतलं. डावा हात तोटीवर, उजवा हात फ्लास्क फिरवत. शेवटचे थेंब त्यांनी असे सोडले की प्राचार्यबाईही पुढे वाकल्या. एक थेंब, रंग आला आणि विरला. अजून एक, आला आणि राहिला.

"वाचा, बाई. तुम्हीच वाचा."

प्राचार्यबाईंनी चष्मा वर केला. "चौदा... आणि तीन रेघा."

दुसऱ्यांदा केलं. चौदा-तीन.

"आता का ते सांगते," मावशी म्हणाल्या आणि फळ्यावर खडूने लिहायला लागल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरवला नाही. "ह्या आम्लाचे खडे असतात. खड्यात पाणी अडकलेलं असतं, ते वजनात धरावं लागतं. पाण्यासकट त्रेसष्ट, पाण्याशिवाय पंचेचाळीस. सरांनी खडे घेतले पाणीवाले आणि वजन केलं बिनपाण्याचं. सहा पूर्णांक तीन ग्रॅम घालायचे तिथे साडेचार घातले. पंचेचाळीस भागिले त्रेसष्ट, गुणिले वीस. किती येतात? चौदा पूर्णांक तीन येतात. त्रैराशिक आहे, सर. मी ते तुमच्याच कॉलेजात शिकले."

झाकणसरांचा चेहरा पांढराफटक. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, डब्यावरच्या लेबलाबद्दल.

मावशींना वाटलं, जिंकले. पण प्राचार्यबाई मूर्ख नव्हत्या. त्यांनी एक क्षण फळ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या टेबलांच्या रांगांकडे.

"म्हणजे बाटलीत चौदा-तीनच होतं. मग मावशी, बाकीच्या एकोणीस जणांचं वीस कसं आलं?"

मावशींनी खडू खाली ठेवला आणि फडकं उचललं.

सर आधी सावरले. असली माणसं लवकर सावरतात. "त्याचा अर्थ सरळ आहे, बाई. हे लेखी आलं तर सगळी तुकडी रद्द करावी लागेल. फेरपरीक्षा सुट्टीनंतर. एकोणीस मुलांचे पुढचे प्रवेश जातील. मावशींच्या मुलीचासुद्धा." आणि त्यांनी मावशींकडे बघितलं, अगदी काळजीने.

प्राचार्यबाईंनी कपाळ चोळलं. "मावशी, दोन रस्ते आहेत. लेखी तक्रार दिलीत तर मला तुकडी रद्द करावीच लागेल. नाही दिलीत तर... तुमचा चौदा-तीन खोडून वीस करून घ्या, तुम्हीही पास, तीही पास. उद्या दहापर्यंत सांगा."

लेकीचा प्रवेश रक्त-तपासणीच्या कोर्सला झाला होता. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतलं काम, तिला दहावीपासून हवं होतं. गुणपत्रिका सोमवारी दाखवायची होती. सोमवार हुकला की जागा दुसऱ्याला.

बातमी कॉलेजात तासाभरात पसरली. लेक धावत प्रयोगशाळेत आली तेव्हा मावशी अजून तिथेच होत्या, त्याच स्टुलावर.

"आई, काय चाललंय हे? एक आकडा खोडायला काय जातंय तुझं?"

"माझा आकडा खरा आहे."

"हो, खरा आहे, माहितीये! तू शहाणी, आम्ही गाढव. पण माझं वर्ष जाईल ना! तुझ्या हट्टापायी एकोणीस जणांचं वाटोळं करणार तू?"

"मी? मी वाटोळं करते? बाटली चुकवली त्या झाकणाने, आकडा चोरला तुम्ही, आणि वाटोळं मी करते होय? वा गं वा!"

"मग तू काय करत होतीस बावीस वर्षं?"

मावशी उठल्या, ब्युरेट भरली, फ्लास्क लेकीच्या हातात दिला. "कर."

"आत्ता?"

"आत्ता. तुला नव्वद गुण आहेत प्रात्यक्षिकात. कर बघू."

लेकीने तोटी उजव्या हाताने धरली. मग डाव्या हाताने फ्लास्क फिरवता येईना, म्हणून हात बदलले. पिपेटने आम्ल घेतानाच आत हवा शिरली होती, तिला ते दिसलंच नव्हतं. तोटी सोडली ती धोधो सोडली, फ्लास्क फिरवायचा राहून गेला, आणि बघता बघता सगळं द्रावण गडद जांभळट गुलाबी होऊन बसलं. तोटी कुठे बंद करायची हे त्या पोरीला कळलंच नव्हतं. तरी तिने मान वाकडी करून वरूनच ब्युरेट वाचली आणि म्हणाली, "एकवीस." मग आईकडे बघून, "नाही, वीस. वीसच आहे."

मावशींनी तोटी स्वतः घट्ट बंद केली. ही उद्या कुणाचं तरी रक्त तपासणार. समोर कुणाची तरी आई पदराला हात पुसत उभी असणार, आणि ही आधी आजूबाजूला बघणार की काय यायला हवं.

"तुला साधी तोटी धरता येत नाही," मावशी म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"कोण शिकवणार होतं?" लेक किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं. "पहिल्या प्रॅक्टिकलला मी तोटीला हात लावला तर तू येऊन म्हणालीस, सतरा-पाच, लिही आणि डबा खायला चल! दरवेळी! मी कधी पूर्ण केलंय का एक तरी? तूच करू दिलं नाहीस! आणि आता स्वतःची पाळी आली तर खरेपणा आठवला!"

ती फ्लास्क ठेवून निघून गेली. दार इतक्या जोरात आपटलं की कपाटातल्या बाटल्या खणखणल्या.

मावशी त्या गुलाबी द्रावणाकडे बघत राहिल्या. सरांवरचा राग होताच, तो कुठे जात नव्हता. पण त्याच्याखालून दुसरा वर आला आणि तो जास्त भाजत होता. बावीस वर्षांत किती पोरं ह्या टेबलांवरून गेली असतील? त्यातली किती औषधांच्या कारखान्यात, किती पाणी तपासायला, किती दवाखान्यात? आणि आपण फडकं फिरवत फिरवत त्यांना काय दिलं, तर आकडा. माया म्हणे! त्यांना स्वतःच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

सकाळी दहाच्या आधी मावशी प्राचार्यबाईंसमोर उभ्या होत्या. कागद एकच, अक्षर मोठं. प्राचार्यबाईंनी वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर थबकल्या.

"हे काय लिहिलंय? 'गेली बावीस वर्षं परीक्षेत मी स्वतः मुलांना आकडा सांगत आले आहे.' मावशी, हे काढा. हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

"राहू द्या."

"अहो, निदेशकाची जागा जाईल. अर्ज विचारातसुद्धा घेता येणार नाही मला."

"बाई, सरांनी एकदा चुकीचं वजन केलं म्हणून मी काल एवढा तमाशा केला. मी तर दर वर्षी करत होते. एकट्या त्यांचंच नाव लिहू का? राहू द्या म्हटलं ना!" मावशी जवळजवळ ओरडल्याच. बाहेर शिपाईभाऊंनी दारातून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर घेतलं.

मग व्हायचं ते झालं. तुकडी रद्द झाली. झाकणसरांना ताकिदीचं एक पत्र मिळालं, मावशींना एक, दोन्ही एकाच भाषेतली. निदेशकाच्या जागेवर दुसऱ्या कॉलेजातून एक तरुण आला, बरा होता, शब्दकोडी सोडवत नव्हता. लेकीची जागा सोमवारी दुपारी दुसऱ्या कुणाला तरी गेली. एकोणीस घरांतून मावशींच्या नावाने काय काय बोललं गेलं ते त्यांच्यापर्यंत पोचायचं ते पोचलंच. तोंडावर बोलणारेही होते. एका मुलाचा बाप तर फाटकाशी गाठून म्हणाला की तुम्ही बाई नाही, कैदाशीण आहात. मावशी म्हणाल्या, "असेन. त्याला म्हणावं सुट्टीत रोज सकाळी ये. फ्लास्क मी देते."

पहिल्या दिवशी सहा जण आले, मग अकरा. आकडा कुणालाच मिळाला नाही. मागणारे होते, त्यांच्यावर मावशी अशा खेकसल्या की पुन्हा कुणी मागितला नाही.

लेक येईना. घरात ती आईशी बोलतही नव्हती. मीठ हवं असलं तरी बापाला सांगायची. बाराव्या दिवशी सगळी पोरं निघून गेल्यावर ती दारात उभी राहिली. चेहरा ताठ, हातात जर्नल.

"फेरपरीक्षा आहे म्हणून आले," ती म्हणाली. "दुसरं काही समजू नकोस."

मावशींनी दुसरं काही समजून घेतलं नाही. कपाटातून डबा काढला, मूठभर खडे पाण्यात टाकले, ढवळले आणि बाटली तिच्यापुढे ठेवली.

लेकीने डाव्या हाताने तोटी धरली. पहिलं गेलं, गडद झालं. तिने ते मोरीत ओतलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याला तिने दात आवळले, थेंब, मग थांबली, मग थेंब. पाणी फिक्कट गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. डोळे रेघेच्या पातळीवर आणून तिने वाचलं.

"अकरा पूर्णांक सहा."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. अकरा-सहा. आता ती सरळ उभी राहिली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा आईच्या तोंडाकडे बघितलं. "बरोबर आहे?"

"मला काय माहीत!"

"म्हणजे? बाटली तूच केलीस ना?"

"वजन कुठे केलं मी? खडे नुसते टाकले." मावशी उगाच करवादल्या. "मला काय विचारतेस सारखं? तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना? मग लिही की!"

लेकीने रागारागाने जर्नल ओढलं आणि शाईने लिहिलं, अकरा पूर्णांक सहा.